कुत्रा चावत नाही, की चावत नाहीये?

पत्र

नमस्कार. मी देवबागला राहते. मिस्टरांची बोट आहे, पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेतात. घरामागे आम्ही तीन खोल्या काढल्यात, जेवणखाण माझ्याकडे. मराठी माध्यमातून दहावी झाले, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पूर्वी पाहुणे कोल्हापूर-पुण्याकडचे असायचे, आता बंगळुरू-हैदराबादचे येतात, कधीकधी परदेशीसुद्धा. मोबाइलवर ॲप घेऊन 'आय गो, ही गोज' सगळं पाठ केलं, पण पाहुण्यांसमोर तोंड उघडलं की गडबड होते. जूनमध्ये एकांचा फोन आला, सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट चालू आहे का म्हणून. मी सांगितलं, 'बोट इज नॉट गोइंग.' त्यांनी पुढच्या आठवड्याचं बुकिंग केलं. चौघंजण आले आणि पावसाळाभर बोट बंद असते हे कळल्यावर चिडले. म्हणाले, तुम्ही त्या दिवसापुरतं सांगितलं होतं. एका रात्रीचे पैसे परत करावे लागले. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, 'आई, तू एस खातेस म्हणून असं होतं.' साधा वर्तमानकाळ पक्का करायला काय करू? किती दिवस लागतील? फाटकावर लावायच्या पाटीचा मजकूरही पाठवतेय, तपासून द्या: 'वी आर हॅविंग हॉट वॉटर. वी आर गिव्हिंग ब्रेकफास्ट एट टू टेन. डॉग इज नॉट बायटिंग.'

– एक वाचक, देवबाग

उत्तर

ताई,

पैसे परत केलेत ते बरं केलंत, तो विषय तिथेच मिटला. मुलाचं निदान मात्र चुकलंय. 'बोट इज नॉट गोइंग' या वाक्यात 'ही गोज'मधला तो शेवटचा एस कुठे खाल्लाय? तिथे तो लागतच नाही. शाळेच्या पेपरात हेच वाक्य लिहिलं असतंत, तर फार तर सुरुवातीला 'द' नाही म्हणून अर्धा मार्क कापला असता.

घोटाळा आहे तो अर्थाचा. 'इज नॉट गोइंग' म्हणजे जात नाहीये. आज, आत्ता, या घडीला. ऐकणाऱ्याने काय समजायचं? समुद्र खवळलेला दिसतोय, आजची फेरी रद्द झाली असेल, चार दिवसांनी सुरू होईल. तो बिचारा पुढच्या आठवड्याचं बुकिंग करून मोकळा झाला. तुम्हाला सांगायचं होतं, पावसाळ्यात जात नाही. म्हणजे 'द बोट डझन्ट गो इन द मॉन्सून.' आता समजा, तुम्ही 'बोट डोन्ट गो इन मॉन्सून' असं म्हणाला असतात. 'डझन्ट'च्या जागी 'डोन्ट', 'द' दोन्हीकडून गायब. तरी पाहुणा दिवाळीनंतर आला असता आणि तुमच्या एका रात्रीचे पैसे वाचले असते. अशुद्ध वाक्याने काम झालं असतं, शुद्ध वाक्याने घात केला.

म्हणून माझं म्हणणं असं, की एसची काळजी सध्या बाजूला ठेवा आणि आयएनजीचा, म्हणजे 'गोइंग'मधल्या त्या 'इंग'चा, हात आवरा. पाटीवरची तिन्ही वाक्यं बघा, तिन्हींत आयएनजी आहे आणि तिन्हीकडे तो नको आहे. एसची चूक एकाही वाक्यात नाही.

तुमच्या धंद्यात साध्या वर्तमानकाळाइतकं कामाचं दुसरं काही नाही. पाहुणा तुम्हाला दिवसभर काय विचारतो? नाश्ता किती वाजता असतो, भरती कधी येते, आमटीत लसूण घालता का, रात्री लाइट जातात का, इथे रिक्षा मिळते का, कुत्रा चावतो का. या सगळ्यात 'आत्ता काय चाललंय' असा प्रश्न एकही नाही. सगळे 'एरवी काय असतं' असे. तुमच्या गावाची ओळखसुद्धा त्याच काळात करून द्यायची आहे. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते: 'द रिव्हर मीट्स द सी हिअर.' इथे 'इज मीटिंग' म्हटलंत तर नदी आजच काही कामानिमित्त समुद्राला भेटायला आली आहे, असं वाटेल.

आता तुम्ही आयएनजीकडे का धावता, ते सांगते. यात तुमचा दोष कमी आणि फळ्यावर लिहिलेल्या त्या जुन्या तक्त्याचा जास्त. ॲम, इज, आर म्हणजे आहे, आहे, आहेत. हे इतकं घोटून घेतलेलं असतं की कुठलंही इंग्रजी वाक्य सुरू झालं, की जीभ आधी 'ॲम' किंवा 'इज' टाकते आणि मग पुढे काय घालायचं ते शोधते. कोणी 'आय ॲम लिव्ह इन देवबाग' म्हणतं, कोणी ते सुधारायला जाऊन 'आय ॲम लिव्हिंग' म्हणतं. 'डू यू वॉन्ट टी'च्या जागी 'आर यू वॉन्ट टी' येतं तेही तिथूनच. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, पण पहिलीपासून शिकलेल्या मुलांच्या तोंडी हीच वाक्यं सर्रास ऐकू येतात. तेव्हा पाचवीपासून इंग्रजी होतं याची खंत बाळगू नका.

गंमत म्हणजे इंग्रजीत जो फरक करता येत नाही म्हणून तुम्ही हैराण आहात, तो मराठीत तुम्ही न चुकता करता. 'कुत्रा चावत नाही' आणि 'कुत्रा चावत नाहीये' यातला फरक तुम्हाला कोणी शिकवावा लागला का? पहिलं ऐकून पाहुणा फाटक उघडेल. दुसरं ऐकून विचारेल, मग कधी चावतो? 'ती मासे खात नाही' म्हणजे शाकाहारी असेल, 'ती मासे खात नाहीये' म्हणजे आज बहुतेक काटा अडकला. इंग्रजी वाक्य करण्याआधी ते मनात मराठीत म्हणायचं आणि शेवटच्या शब्दाची शेपटी बघायची. चावतोय, जातेय, करतायत, नाहीये असं आलं तर आयएनजी. चावतो, जाते, करतात, नाही असं आलं तर नुसतं क्रियापद, 'ॲम-इज-आर'ला हात लावायचा नाही.

एक अडचण तुमच्याकडची. मालवणीत 'मी रोज बाजारात जातंय' असंच म्हणतात, तिथे शेपटी 'जातेय'सारखी ऐकू येते पण अर्थ रोजचा असतो. तेव्हा 'मी'ची वाक्यं पारखताना मनातलं मराठी शाळेतलं घ्या, घरातलं नको. कुत्र्याच्या बाबतीत घरातलं चालेल. 'कुत्रो चावणा नाय' यात कसलाच गोंधळ नाही.

शेपटीची ही परीक्षा बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते. पण काही ठिकाणी ती फसवते, आणि नेमकी ती ठिकाणं तुमच्या रोजच्या वापरातली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे मनातल्या गोष्टी. मराठीत आपण सहज म्हणतो, मला चहा हवाय, मला वाटतंय, मला समजत नाहीये, आवडतंय का तुम्हाला. शेपटीला य आहे, तरी इंग्रजीत इथे आयएनजी लावत नाहीत. 'आय वॉन्ट', 'आय थिंक', 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'डू यू लाइक इट?' माहीत असणं, आठवणं, हवं असणं, पटणं, आवडणं, जवळ असणं या गोष्टी चाललेल्या नसतात, त्या असतात किंवा नसतात, असा इंग्रजीचा हिशोब. 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' हे आपल्या देशात इतकं बोललं जातं की बंगळुरूचा पाहुणा त्यावर भुवईही उचलणार नाही. परदेशी पाहुण्यालाही अर्थ कळतो. म्हणून ही चूक झाली तर मनाला लावून घेऊ नका, पण 'आय डोन्ट अंडरस्टँड, प्लीज से इट स्लोली' हे एक वाक्य मात्र इतकं पक्कं करा की झोपेत उठवलं तरी यावं. फोनवर त्याचा उपयोग सगळ्यात जास्त.

'हॅव' याच जातीचं. खोल्या असणं, गरम पाणी असणं, वायफाय असणं, याला 'वी हॅव'. 'वी आर हॅविंग' इंग्रजीत आहे, पण तेव्हा 'हॅव'चा अर्थ घेणं किंवा खाणं-पिणं असा होतो. 'वी आर हॅविंग लंच' म्हणजे आम्ही जेवतोय. तुमच्या पाटीवरचं 'वी आर हॅविंग हॉट वॉटर' वाचून एखाद्याला वाटायचं, घरातली सगळी मंडळी ओळीने बसून गरम पाणी पितायत.

दुसरी फसगत उलट्या बाजूची आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण पुस्तकं तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. पाहुणा म्हणतो, चहा मिळेल का? आपण म्हणतो, 'हो, आणते.' तो म्हणतो, साबण नाहीये. आपण म्हणतो, 'देते.' शेपटी साधी आहे म्हणून परीक्षेप्रमाणे 'आय ब्रिंग', 'आय गिव्ह' होईल. पण हे 'आणते' रोजचं नाही, हा आत्ता दिलेला शब्द आहे. इंग्रजीत त्याला 'आय विल ब्रिंग इट', बोलताना 'आयल ब्रिंग इट'. 'आय ब्रिंग टी' याचा अर्थ चहा आणण्याचं काम माझ्याकडे असतं. दिवसातून किती वेळा तुम्ही 'आणते, देते, बघते, सांगते, विचारते' म्हणता ते एकदा मोजा. त्या सगळ्यांना 'आयल' लावा. आयल ब्रिंग, आयल चेक, आयल आस्क माय हजबंड. एवढ्यानेच तुमचं बोलणं कानाला एकदम वेगळं लागेल.

तिसरी फसगत वर्षांची. 'आम्ही दहा वर्षांपासून खोल्या देतो.' मराठीत साधा वर्तमानकाळ अगदी बरोबर आहे. इंग्रजीत मात्र कालावधी आला की साधा वर्तमानकाळ चालत नाही, 'हॅव' घ्यावा लागतो: 'वी हॅव रन धिस प्लेस फॉर टेन इयर्स.' याच्या खोलात आज जात नाही. हे एक वाक्य तुमच्या वर्षांचा आकडा घालून पाठ करा, कारण हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो आणि या प्रकारचा दुसरा प्रश्न सहसा येत नाही.

आणि चौथी, समुद्राची. 'पाऊस थांबला की निघू.' इथे मराठीत 'थांबला' असा भूतकाळ येतो, तो इंग्रजीत चालणार नाही हे आपल्याला कळतं, मग आपण अंदाजाने 'व्हेन द रेन विल स्टॉप' म्हणतो. 'व्हेन' आणि 'इफ'च्या तुकड्यात 'विल' घालायचा नाही, साधा वर्तमानकाळ घालायचा. 'व्हेन द रेन स्टॉप्स, वी विल गो.' 'इफ द सी इज रफ, वी डोन्ट गो.' हे दुसरं वाक्य तुमच्या मिस्टरांनाही शिकवा. पैसे भरले आहेत, काही करून न्या, म्हणून हट्ट धरणाऱ्या पाहुण्याला ते शांतपणे दोनदा ऐकवलं की पुरतं. त्यात 'आज नाही' असं म्हटलेलं नाही. समुद्र असा असला की आम्ही जात नाही, असा नियम सांगितलेला आहे, आणि नियमाशी हुज्जत घालणं अवघड जातं.

आता 'डू' आणि 'डझ'. पाहुण्यांसमोर तोंड उघडलं की गडबड होते, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं एक कारण मला असं दिसतं, की प्रश्नच नीट ऐकू येत नाही. कागदावर 'व्हॉट टाइम डझ द बोट लीव्ह' असं सुटं सुटं दिसतं, तोंडातून मात्र 'वॉटाइम्डझ्दबोट्लीव्ह' असं एका दमात येतं. त्यातला 'डझ' हा फक्त प्रश्नाची खूण आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही. तुम्ही 'टाइम', 'बोट', 'लीव्ह' एवढं पकडलंत तरी उत्तर देता येतं: 'इट लीव्हज ॲट सेव्हन.' प्रश्नात 'लीव्ह' होतं, उत्तरात 'लीव्हज' झालं, हे कसं? घरात छत्री एकच आहे असं समजा. 'डझ' बाहेर पडला की छत्री तो घेऊन जातो, क्रियापद बिनछत्रीचं राहतं: 'डझ इट लीव्ह', 'इट डझन्ट लीव्ह'. 'डझ' नसला की छत्री क्रियापदाकडे: 'इट लीव्हज'. 'डझ इट लीव्हज' आणि 'ही डझन्ट गोज' या चुका म्हणजे एका छत्रीच्या दोन छत्र्या करणं. मुलाला विचारा, त्याच्या वर्गातली निम्मी मुलं 'डझन्ट'च्या पुढे एस लावत असतील.

सुटणाऱ्या वाहनाचं आणखी एक. बोट उद्या सुटणार असली तरी वेळापत्रक ठरलेलं असेल तर साधा वर्तमानकाळच वापरतात. 'टुमॉरो द बोट लीव्हज ॲट सेव्हन.' 'द ट्रेन लीव्हज कुडाळ ॲट टेन.' मराठीत आपण अगदी असंच म्हणतो, उद्या गाडी दहाला सुटते. त्यामुळे इथे तुम्ही चुकणार नाही.

एस कुठे लागतो, हे तुम्ही पाठ केलंच आहे: ही, शी, इट, म्हणजे दुसरं कोणी एक माणूस किंवा एक वस्तू. फक्त एका गोष्टीकडे लक्ष द्या. आपण मोठ्या माणसांबद्दल अनेकवचनात बोलतो. सासरे सांगतात, सर शिकवतात, आई म्हणतात. त्या सवयीने 'माय फादर-इन-लॉ नो धिस सी' असं तोंडात येतं. सासरे किती का मोठे असेनात, इंग्रजीला ते एकच. 'माय फादर-इन-लॉ नोज धिस सी.' यात त्यांचा अपमान नाही. पाहुणे मात्र दोन आले की एस 'गेस्ट'ला लागतो आणि क्रियापदाचा जातो: 'द गेस्ट ईट्स', 'द गेस्ट्स ईट'. उच्चाराचं फार डोक्यात घेऊ नका. 'कुक्स', 'स्टॉप्स'मध्ये साधा स. 'गोज'चा शेवट आपल्या 'रोज'सारखा. 'क्लोज' आणि 'फिनिश'सारख्या शब्दांना पुढे 'इझ' जोडायचा, क्लोझिझ, फिनिशिझ. आणि 'सेज'चा उच्चार 'सेझ' असा आखूड.

तरीही एस सुटणार. सुटला तर सुटू द्या. रॉजर ब्राऊन नावाचे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी इंग्रजी हीच घरची भाषा असलेल्या तीन लहान मुलांचं बोलणं टिपून घेतलं आणि व्याकरणाचे १४ बारीक तुकडे मुलं कोणत्या क्रमाने आत्मसात करतात ते १९७३ साली मांडलं. आयएनजी त्यात पहिला आला. ही-शी-इटचा एस आला दहावा. मोठेपणी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या तोंडीही आयएनजी लवकर बसतो आणि एस उशिरा, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे तुमच्या जिभेचा ओढा जगावेगळा नाही. आणि इंग्लंडच्या पूर्वेला नॉर्फक म्हणून परगणा आहे, तिथल्या जुन्या बोलीत 'ही गो', 'शी वर्क' असंच म्हणत आले आहेत. हे मुलाला जेवताना सांगा. त्यापुढे 'एस खातेस' म्हणताना जरा विचार करेल.

लिहिताना मात्र सूट नाही. पाटी, व्हॉट्सॲपवरचा ठरलेला मजकूर, बुकिंगच्या ॲपवरची माहिती हे एकदाच लिहायचं आणि वर्षभर लोकांनी वाचायचं असतं, ते चोख हवं. हे काम मुलाकडे द्या, त्याची हौस तिथे कामी येईल. तुमच्या पाटीवर असं लिहा: 'वी हॅव हॉट वॉटर. वी सर्व्ह ब्रेकफास्ट फ्रॉम एट टू टेन. द डॉग डझन्ट बाइट.' नाश्त्याला 'गिव्ह' न म्हणता 'सर्व्ह' म्हणतात, एवढा बदल केलाय. कुत्र्याबद्दल तुमची खात्री असेल तरच तिसरं वाक्य ठेवा. फाटकावर लेखी हमी दिल्यावर चावला तर इंग्रजी चांगलं असून उपयोग नाही. आणि किल्ल्याच्या बोटीची एक ओळ तयार ठेवा, जून ते ऑगस्टमध्ये चौकशी आली की लगेच पाठवायची: 'द फोर्ट बोट डझन्ट रन इन द मॉन्सून. इट स्टार्ट्स अगेन आफ्टर द रेन्स. यू कॅन सी द फोर्ट फ्रॉम द शोअर.' फोनवर सांगून झाल्यावरही ही ओळ पाठवा. पुढे वाद झाला तर हातात काहीतरी असेल.

सराव कसा करायचा? ॲप वाईट नाही, पण त्यातला तो मुलगा जन्मभर सफरचंद खात असतो आणि तुमच्याकडे सफरचंद खायला कोणी येत नाही. त्याऐवजी गेल्या हंगामात पाहुण्यांनी विचारलेले प्रश्न आठवून वहीत मराठीत लिहा. वीस-पंचवीसच निघतील, कारण लोक तेच तेच विचारतात. प्रत्येकाचं उत्तर आधी मराठीत, शेपटी बघून मग इंग्रजीत. उत्तरं खरी लिहा. 'वी ऑफन सी डॉल्फिन्स इन द मॉर्निंग, बट नॉट एव्हरी डे' हे वाक्य तुमच्या मिस्टरांचे किती वाद वाचवेल बघा. 'ऑफन', 'युज्वली', 'नेव्हर' हे शब्द क्रियापदाच्या आधी घालायचे: वी नेव्हर युज फ्रोझन फिश.

मग स्वयंपाक करताना स्वतःशी बोला. कृती सांगायला इंग्रजीत हाच काळ लागतो. 'आय ग्राइंड द कोकोनट. आय ॲड कोकम. वी पुट तिरफळ इन द बांगडा करी. वी डोन्ट ईट इट, वी टेक इट आउट.' हे शेवटचं वाक्य पाहुण्याच्या ताटाजवळ उभं राहून म्हणायचं आहे. नाहीतर तो ते अख्खं चावतो आणि त्याची जीभ बधिर होते. पाहुणी बाई स्वयंपाकघरात येऊन बघत असेल, तिला दाखवत दाखवत करायचं असेल, तरी 'नाऊ आय ॲड द कोकम' असंच म्हणा. डोळ्यांसमोर चाललंय म्हणून आयएनजी हवा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. एकामागून एक झटपट होणाऱ्या कृती सांगताना इंग्रजी तो टाळते. क्रिकेटची कॉमेंट्री तशीच असते: 'शी कम्स इन, बोल्स, अँड द बॅटर लीव्हज इट.' एका चेंडूत तीन एस. मॅच लागली की मिस्टर हिंदी लावत असतील, आठवड्यातून एखाद्या वेळी इंग्रजी लावू द्या आणि तुम्ही वाटण वाटता वाटता फक्त कान द्या. एस कानात भरायला याहून स्वस्त शिकवणी मला माहीत नाही.

किती दिवस लागतील, याचं एकच उत्तर नाही. आयएनजी आवरणं, 'आयल ब्रिंग' म्हणणं आणि ती वीस-पंचवीस उत्तरं हे एका पावसाळ्यात बसतं, कारण खोल्या रिकाम्या असतात आणि तुम्हाला थोडी उसंत असते. हंगाम सुरू झाल्यावर नवीन काही शिकायला जाऊ नका, आहे तेच वापरा. एसला दोन-तीन हंगाम तरी द्या. मुलगा सुट्टीत घरी आला की त्याला एस मोजायला बसवू नका. त्याला पाहुणा करा आणि फोन करायला लावा, खोलीबाहेर उभं राहून, खऱ्या फोनवर, भरभर इंग्रजीत. त्याने बोटीबद्दल विचारायचं, कुत्र्याबद्दल विचारायचं, व्हेज मिळतं का विचारायचं. दोन वाक्यं झाली की त्याने मराठीत सांगायचं की तुमच्या उत्तरावरून त्याला काय समजलं: आज, की नेहमी.